घोडा, घाट आणि गाडी : आधी यंत्र वाढवावे की हात?

१/
गेल्या जूनमधील एका रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात माझ्या मावसभावाची गाडी ओल्या वळणावर फिरली. शेजारच्या आसनावर मी होते. गाडीने अर्धी गिरकी घेतली, मागचे चाक डोंगराच्या बाजूच्या गटारात उतरले आणि आम्ही थांबलो. गिरकी उलट दिशेने लागली असती, तर त्या बाजूला दरी होती. कोणाला खरचटलेही नाही. परतीच्या वाटेवर तो तीन-चार वेळा एकच वाक्य बोलला : "ताई, सस्पेन्शन बदलायला हवं."

२/
गेल्या आठवड्यात त्याने मला एक यादी दाखवली. इंजिनच्या संगणकाचे रिमॅपिंग, मोठा एक्झॉस्ट, मोठा इंटरकूलर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग. एकूण खर्च दीड लाख रुपये. पहिल्या नोकरीच्या बचतीतून घेतलेल्या एका जुन्या, चपळ स्पोर्टी हॅचबॅकवर हा पैसा लागणार होता. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला : "तुझं ऐकतो तो. काहीतरी सांग त्याला." इतिहासाच्या विद्यार्थिनीकडे टर्बोविषयी सांगण्यासारखे काय असणार, असे क्षणभर मलाही वाटले.

३/
परंतु त्याचा पेच जुना आहे. हाती पैसा मोजका असताना तो वाहनाची ताकद वाढवण्यावर घालावा की वाहन चालवणाऱ्या हातावर, या प्रश्नाला आपल्या पुणे परिसराने निदान तीन वेळा तोंड दिले आहे : एकदा घोड्यांच्या बाबतीत, एकदा बोरघाटातील आगगाडीच्या बाबतीत आणि अलीकडे शर्यतीच्या मोटारींच्या बाबतीत. आजचा थ्रेड या तीन प्रसंगांविषयी आहे. शेवटी ताम्हिणीच्या त्या वळणावर पुन्हा येऊ.

४/
प्रथम घोडा. सोळाव्या शतकातील दख्खनमध्ये उत्तम घोडा म्हणजे समुद्रमार्गे आलेला घोडा. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून तो गलबतांवर चढे आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरे. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी या व्यापारावर आपली पकड बसवली, कारण विजयनगर आणि विजापूर या परस्परांच्या वैऱ्यांना घोडा सारखाच हवा होता. ज्याच्या बंदरात घोडा उतरतो, त्याच्याशी गोड बोलणे दोघांनाही भाग पडे. ताकद परदेशातून विकत घेण्याची ही सवय दख्खनला फार जुन्या काळापासून आहे.

५/
उत्तरेत मोगलांनी घोड्याच्या जातीलाच पगाराचा आधार केले. अकबराच्या काळात, १५७० च्या दशकात, घोड्यांना डाग देण्याची पद्धत रूढ झाली, कारण काही मनसबदार हजेरीच्या दिवशी उसनी तट्टे उभी करून पूर्ण पगार उचलत. 'ऐन-इ-अकबरी'त घोड्यांचे सात वर्ग सांगितले आहेत : अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी आणि जंगला. वर्ग जितका वरचा, तितका भत्ता अधिक. स्वाराची किंमत त्याच्या मांडीखालच्या जनावरावरून ठरू लागली. आज गाडीच्या मागील झाकणावरची अक्षरे वाचून चालकाविषयी मत बनवणारे आपण या पद्धतीला हसू नये, हे बरे.

६/
ही पद्धत मूर्खपणाची नव्हती. उत्तरेच्या सपाट मैदानात समोरासमोरची धडक द्यायची असेल, तर उंच, वजनदार, चिलखताचा भार पेलणारा घोडा लागतोच. तिथे जनावराची ताकद निर्णायक ठरत असे. घाट, खिंडी, ओढे आणि दुष्काळी माळ यांच्या मुलखात मात्र तोच घोडा ओझे होई. त्याला लागणारा दाणा आणि वैरण सोबत वाहून न्यावी लागे आणि त्यामुळे सैन्याची चाल मंदावे. ताकद वाढली की तिला पोसण्याचा खर्च वाढतो. मोठ्या टर्बोच्या गाडीचे पेट्रोलचे बिल भरणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

७/
पुणे प्रांताचा स्वतःचा घोडा होता भीमथडी. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठच्या गवतावर वाढलेला, बांध्याने लहान, काटक, थोड्या चाऱ्यावर दूरची मजल मारणारा. शाही पागेतील अरबी घोड्याशेजारी तो उभा केला, तर कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नसते. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत महाराष्ट्राचा घोडा म्हणून त्याची स्वतंत्र जात नोंदली गेली. मराठा स्वारांच्या लांबलांबच्या मोहिमा प्रामुख्याने अशाच दख्खनी तट्टांवर झाल्या.

८/
या घोड्यावरचा माणूस कसा घडवला जाई, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार; ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. शिलेदाराची अडचण उघड होती. घोडा हेच त्याचे भांडवल. घोडा पडला की पोटापाण्याची सोय गेली, म्हणून लढाईच्या ऐन क्षणी तो जनावराला जपे. ज्याने आपली सारी पुंजी वाहनात ओतली आहे, त्याला त्या वाहनाची खरी कसोटी घेण्याची भीती वाटते.

९/
सभासद बखर १६९० च्या दशकात जिंजी येथे लिहिली गेली. तिच्यात शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार. त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी पुरवणारा, आणि एक नालबंद. शिलेदारांनाही पागेच्या शिस्तीखाली आणलेले होते. या तपशिलाकडे मी वारंवार परत जाते. पंचवीस स्वारांच्या सर्वांत लहान तुकडीतही पाणी आणि नाल यांची माणसे नेमून दिलेली आहेत. पैसा महागड्या जनावराऐवजी आहे त्या जनावराच्या निगेवर आणि स्वाराच्या शिस्तीवर खर्च होत होता.

१०/
चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी धाडलेले पत्र बहुतेकांना माहीत असते ते रयतेला तोशीस न देण्याच्या ताकिदीमुळे. तेच पत्र घोड्यांच्या निगेसाठी पुन्हा वाचून पाहा. साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळली, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, हा त्यातील इशारा आहे. रात्री दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली, तर गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंतची काळजी त्यात आहे. स्वराज्याचा धनी उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो, याचे कारण त्याला वेगाची किंमत ठाऊक आहे. निगा सुटली की वेग संपतो.

११/
या घोडदळाने आपल्याला भाषाही दिली. घोड्यावर बसण्याच्या कौशल्याला मराठीत 'मांड' म्हणतात आणि ती 'पक्की' असावी लागते. मांड विकत मिळत नाही. ती लहानपणापासून बसते. जीनात भरलेल्या निरुपयोगी चिंध्यांवरून 'खोगीरभरती' हा शब्द आला. उगाच घातलेल्या मालाला आपण आजही तेच म्हणतो. आणि बढाया मारणाऱ्याला आपण सांगतो, "घोडामैदान जवळच आहे." परीक्षा घोड्याची आणि स्वाराची एकत्र होते, हे या वाक्प्रचाराने गृहीत धरलेले आहे.

१२/
आता दुसरी बाजू. पक्की मांड सर्व काही भागवत नाही. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली होती, घोडी उपासमारीने खंगली होती आणि समोर अब्दालीचे जोमदार घोडदळ होते. अशा जनावरांवर उत्तम स्वारही किती काळ तग धरणार? वाहन एका मर्यादेखाली गेले की कौशल्य हतबल होते. म्हणून घोड्यांच्या इतिहासातून 'यंत्राला महत्त्व नाही' असा निष्कर्ष काढता येणार नाही. त्यातून एक क्रम मात्र दिसतो : आधी निगा, मग मांड आणि त्यानंतर मोठा घोडा.

१३/
दुसरा प्रसंग बोरघाटाचा. चाकाच्या वाहनांसाठी बांधलेला घाटरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते खुला झाला. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८६३ मध्ये, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने त्याच डोंगरातून लोहमार्ग नेला. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत तीव्र ठिकाणी दर सदतीस फुटांमागे एक फूट चढ. रेल्वेसाठी हा चढ भयंकर म्हणावा असा होता.

१४/
चढाच्या अडचणीवर उपाय सरळ होता : ताकद वाढवा. कर्जतला गाडीला मागून आणखी इंजिने जोडतात आणि ती गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. सिंहगड किंवा इंद्रायणीने येणाऱ्या प्रत्येकाने कर्जतला गाडी थांबल्यावर तो हलका धक्का अनुभवला असेल. चढताना प्रश्न अश्वशक्तीचा असतो, आणि अश्वशक्ती बाजारात मिळते.

१५/
उताराचा प्रश्न वेगळा होता. उतरताना इंजिनची ताकद निरुपयोगी. तिथे गाडी ताब्यात आहे की नाही, एवढेच पाहायचे. यासाठी घाटात 'कॅच सायडिंग' ठेवले गेले. मुख्य मार्गाला फुटणारा आणि पुढे चढावर जाऊन संपणारा हा आडमार्ग. त्याचा सांधा एरवी आडमार्गाकडेच वळवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचे. ती थांबली की सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो आणि तिला पुढे जाऊ देतात. जी थांबू शकत नाही, ती आपोआप आडमार्गाच्या चढावर जाऊन निवते.

१६/
मला ही व्यवस्था फार आवडते. तिने चालकावर अविश्वास दाखवलेला नाही आणि आंधळा विश्वासही टाकलेला नाही. पुढचा उतार हवा असेल तर ताबा सिद्ध कर, एवढीच तिची अट आहे. आपल्या जुन्या ट्रकचालकांची शिकवणही याच जातीची : ज्या गिअरवर घाट चढलास, त्याच गिअरवर उतर. ब्रेक तापून निकामी होऊ नयेत म्हणून इंजिनच्या रोधाने वेग धरून ठेवायचा. या कौशल्याला एक रुपयाही लागत नाही, आणि ते न शिकता चारशे रुपयांचे पेट्रोल जाळत घाट उतरणारे आपण रोज पाहतो.

१७/
तिसऱ्या प्रसंगाकडे जाताना वाटेत पुण्याचे रेसकोर्स लागते. १८३० पासूनच्या या मैदानावर आजही पावसाळी हंगामात शर्यती होतात. तेथील हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन चढवतात, म्हणजे धनिकाने महाग घोडा आणला म्हणून निकाल आधीच लागू नये. घोड्यांतील अंतर कमी झाले की जॉकीची मांड आणि त्याचे डोके दिसू लागते. मोटार शर्यतींनी हीच युक्ती उचलली. जिंकणाऱ्या गाडीवर पुढील शर्यतीसाठी वजन लादण्याची पद्धत अनेक स्पर्धांत आहे.

१८/
भारतातील मोटार शर्यतींचे जुने केंद्र म्हणजे मद्रासजवळचे शोलावरम, दुसऱ्या महायुद्धातील एक धावपट्टी. महाराष्ट्रातील शौकिनांनाही गाड्या घेऊन तिकडेच जावे लागे. तिथे ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे परदेशी यंत्र, अशी स्थिती होती. विजय मल्ल्यांनी तर एन्साइन ही फॉर्म्युला वनमधील गाडी आणून त्या धावपट्टीवर पळवली. शेजारच्या रांगेत घरी सुधारलेल्या फियाट असत. अशा शर्यतीत पहिला कोण आला, यावरून उत्तम चालक कोण, हे कळणे अवघड होते.

१९/
यावर उत्तर शोधले कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी. १९८८ मध्ये त्यांनी मारुती ८०० चे ७९६ सीसी इंजिन बसवलेली स्वस्त, एका आसनाची शर्यतगाडी पुढे आणली : फॉर्म्युला मारुती. इंजिन घरोघरी असलेल्या गाडीचे, आणि सर्वांचे सारखे. नारायण कार्तिकेयन यांच्यासारखे पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेले चालक याच गाडीवर शिकले. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. २००३ मध्ये कोइमतूरजवळ उभ्या राहिलेल्या ट्रॅकला त्यांचेच नाव आहे.

२०/
त्याच १९८८ सालचे जगातील चित्र पाहा. मॅक्लारेन-होंडाने फॉर्म्युला वनच्या सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. यंत्र किती निर्णायक असते, याचा याहून मोठा पुरावा नको. परंतु त्या पंधरा विजयांपैकी आठ आयर्टन सेनाचे आणि सात अ‍ॅलेन प्रॉस्टचे. दोघांची गाडी एकच, त्यामुळे त्या वर्षीची खरी चुरस दोन हातांमधली होती. हा सेना लहानपणी कार्टिंगमध्ये पावसात कमी पडला, म्हणून पाऊस आला की मुद्दाम सरावाला जात असे. पुढे ओल्या ट्रॅकवर त्याला तोड उरली नाही.

२१/
पुढे यंत्राने हाताचे कामही करायला घेतले. १९९३ च्या विल्यम्स गाडीत चाक घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल, अँटी-लॉक ब्रेक आणि संगणकाने हलणारे सस्पेन्शन होते. १९९४ च्या नियमांनी ही साधने काढून टाकली. कौशल्य पेटीत घालून विकले जाऊ लागले, तेव्हा जगातील सर्वांत श्रीमंत शर्यतीलाही ते परत हाताकडे द्यावेसे वाटले. रस्त्यावरच्या गाडीत ही साधने असावीतच, ती जीव वाचवतात. पण ती चालकाची चूक सावरण्यासाठी असतात, त्याला शिकवण्यासाठी नव्हे.

२२/
आता आपल्या दाराशी. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच पोलो गाडीवर बेतलेली पोलो कप ही शर्यत आली. सर्वांना एकाच बनावटीची, सुमारे १३० अश्वशक्तीची डिझेल गाडी. टाटा मोटर्सने मार्च २०१४ मध्ये प्रायमा ट्रकची शर्यत भरवली, तेव्हा चाकामागे परदेशी चालक होते. मग कंपनीने भारतीय ट्रकचालकांसाठी प्रशिक्षण उघडले आणि २०१६ च्या हंगामात ते स्वतः शर्यतीत उतरले. ट्रक आपले होते. हात घडवायला दोन वर्षे लागली.

२३/
आणि २०२४. पुण्याच्या डायना पुंडोळे, पेशाने शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८ मध्ये महिलांसाठीच्या एका निवड-उपक्रमातून त्या शर्यतीत आल्या. २०२४ मध्ये मद्रासच्या ट्रॅकवर त्यांनी एमआरएफ सलून गटाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. असे राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या गटातील गाड्या टोयोटा इटिओसवर बेतलेल्या असतात. होय, विमानतळावर टॅक्सी म्हणून दिसते तीच इटिओस. फेरारीच्या शर्यतगाडीपर्यंत त्या पोहोचल्या त्यानंतर, २०२५ मध्ये. इटिओसवर सिद्ध झालेला हात मग फेरारीकडे गेला. हा क्रम मी मावसभावाला दोनदा वाचून दाखवला.

२४/
आता ताम्हिणीचे वळण. गाडी रस्त्याला धरून ठेवतात ते चार टायरांचे चार ठसे, प्रत्येक साधारण तळहाताएवढा. ब्रेक, वेग आणि वळण या तिघांची मागणी याच चार तळहातांनी भागवायची असते. आम्ही वळणात जास्त वेगाने शिरलो. घाबरून त्याने अर्ध्या वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला. गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकले, मागची चाके हलकी झाली आणि सुटली. वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग कमी करणे, हा त्यावरचा उपाय. महागडे सस्पेन्शन असते, तर हीच चूक कदाचित थोड्या अधिक वेगाला झाली असती.

२५/
आणि वेगाचा हिशेब क्रूर असतो. ६० चा वेग ८० झाला, की वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण थांबण्यासाठी लागणारे ब्रेकचे अंतर सुमारे पावणेदोन पट होते. रिमॅपिंगने वाढणारी ताकद वळण सुटल्यावरच्या सरळ रस्त्यावर कामी येते, आणि पुढच्या वळणापाशी तुम्हाला अधिक वेगात आणून सोडते. हात तोच राहिला, तर आपण पैसे मोजून स्वतःचा पुढचा पेपर अवघड करून घेतलेला असतो.

२६/
त्याच्या बाजूनेही एक गोष्ट निघाली. आम्ही टायर तपासले, तेव्हा मागच्या दोन्हींची नक्षी झीजदर्शक खुणेला, म्हणजे १.६ मिलिमीटरला, जवळजवळ टेकली होती. त्यामुळे टायर त्या दिवशी खरोखरच कमी पडले होते. नवे टायर, ब्रेकचे पॅड, ब्रेकचे तेल : याला मी अपग्रेड म्हणणार नाही. ही नालबंदाची आणि पखालजीची कामे आहेत. ती आधी, आणि त्यात काटकसर नको.

२७/
कायद्याचाही एक मुद्दा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल रोखते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा कडक अर्थ लावला. आपल्या वेताळ टेकडीवरची, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय गाड्यांची कठोर चाचणी घेते. नाशिक फाट्याजवळ आयडीटीआरच्या मार्गावर चालकाची चाचणी होते. पहिली चाचणी तज्ज्ञ महिनोन्‌महिने घेतात. दुसरी आपण काही मिनिटांत उरकतो आणि आयुष्यभर 'येते गाडी' म्हणतो.

२८/
शेवटी ठरले ते असे. टायर आणि ब्रेक या आठवड्यात. उरलेल्या पैशांतून ट्रॅकवरचे दोन दिवसांचे प्रशिक्षण, जिथे शेजारी शिकवणारा बसतो आणि चुकले तर बाजूला दरीऐवजी मोकळी जागा असते. रिमॅपिंगचा विचार एका वर्षाने. तो नाखूश आहे. यादी त्याने फाडलेली नाही, घडी करून ठेवली आहे. मावशीला मी सांगितले की त्याची गाडीची आवड सुटणार नाही आणि सुटूही नये. ती म्हणाली, "मग पावसात घाटात जाणार नाही, एवढं तरी कबूल करून घे." त्यावर तो म्हणाला, "पावसातच शिकायचं असतं, हिनेच सांगितलंय." सेनाची गोष्ट मी जरा लवकर सांगितली असावी. पावसातला सराव ट्रॅकवर, घाटात नव्हे, एवढे त्याच्याकडून वदवून घेतले आहे.

२९/
तर मंडळी, एवढेच. आपल्यापैकी कोणाच्या घरी बारगीर-शिलेदारांच्या हजेरीची कागदपत्रे, बोरघाटात इंजिन चालवलेल्या आजोबांच्या आठवणी किंवा शोलावरमला गाडी नेलेल्या काका-मामांची छायाचित्रे असतील, तर खाली जरूर लिहा. चूक आढळल्यास निःसंकोच दाखवा, दुरुस्ती करीन. आणि येत्या पावसाळ्यात ताम्हिणीला निघाला असाल, तर निघण्यापूर्वी एकदा टायर पाहून घ्या.